नातं चार भिंतींत ठेवण्यामागचा इतिहास

नीरज चोप्राचं लग्न झाल्याचं जगाला कळलं, ते त्यानं स्वतः १९ जानेवारी २०२५ रोजी फोटो टाकले तेव्हा. तोवर सगळं उरकलं होतं. एवढ्या मोठ्या खेळाडूच्या लग्नाचा कुणालाच सुगावा कसा लागला नाही, याचं अनेकांना नवल वाटलं. पण या सावधपणाला फार जुनी पार्श्वभूमी आहे.

एके काळी खेळाडूंना काही लपवावंच लागत नसे. १९२०च्या दशकात बेसबॉलपटू बेब रूथबरोबर पत्रकार एकाच आगगाडीतून फिरत, त्यांचा खर्चही बहुधा संघच करी. रात्री डब्यात पाहिलेलं सकाळी छापायचं नाही, हा अलिखित नियम होता.

तो नियम पुढे ढिला पडत गेला. १४ जानेवारी १९५४ रोजी बेसबॉलपटू जो डिमॅजिओ सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये हॉलिवूडची अभिनेत्री मेरिलिन मन्रोशी लग्न करायला गेला. त्याला गाजावाजा नको होता. पण तिनं स्टुडिओला कळवलं होतं आणि बाहेर बातमीदारांची झुंबड उडाली. ऑक्टोबरपर्यंत संसार मोडलाही. तिच्या मृत्यूनंतर वीस वर्षं तो तिच्या समाधीवर आठवड्यातून तीनदा लाल गुलाब पाठवत राहिला, पण त्या नात्याबद्दल जाहीरपणे चकार शब्द बोलला नाही. त्याचं ते मौन मला फार मोठं वाटतं.

मात्र प्रत्येकाचं मौन राजीखुशीचं नव्हतं. १९८१मध्ये टेनिसपटू बिली जीन किंगवर तिच्या पूर्वीच्या मैत्रिणीनं दावा लावला आणि दोघींचं नातं चव्हाट्यावर आलं. सगळं नाकारून मोकळी हो, असा सल्ला तिला मिळाला होता. तिनं पत्रकार परिषद घेऊन नातं कबूल केलं. चोवीस तासांत तिचे जाहिरातींचे करार गेले. निवृत्तीचा विचार बाजूला सारून वकिलांची फी भरण्यासाठी तिला खेळत राहावं लागलं. समलिंगी खेळाडू इतकी वर्षं गप्प का राहिले, हे समजायला हे एकच उदाहरण पुरेसं आहे.

नव्वदच्या दशकात खासगी आयुष्याचा बाजारच भरला. १९९९मध्ये फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमच्या लग्नाच्या फोटोंसाठी एका मासिकानं दहा लाख पौंड मोजले. ज्यांनी विकलं नाही, त्यांच्यावर पाळत आली. फोनवरचे निरोप चोरून ऐकल्याच्या प्रकरणात अखेर जुलै २०११मध्ये ब्रिटनमधलं ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे १६८ वर्षांचं साप्ताहिक बंद पडलं. या गदारोळाच्या काळातच, २००१मध्ये, टेनिसपटू स्टेफी ग्राफ आणि आंद्रे आगासी यांनी घरच्या घरी लग्न केलं. साक्षीला फक्त दोघांच्या आया.

समाजमाध्यमं आल्यावर त्रास जोडीदाराच्या वाट्याला जास्त येऊ लागला. २०१५च्या विश्वचषकात, सिडनीच्या उपांत्य सामन्यात विराट कोहली एका धावेवर बाद झाला आणि लोक तुटून पडले ते प्रेक्षकांत बसलेल्या अनुष्का शर्मावर. तिचा दोष काय, तर ती सामना बघायला आली होती! हे अन्यायाचंच होतं. पुढच्या वर्षी, मार्च २०१६मध्ये, मोहालीत विराटनं नाबाद ८२ धावा करून सामना जिंकून दिल्यावर अनुष्काला पुन्हा लक्ष्य केलं गेलं, तेव्हा त्यानं टीकाकारांना लाज वाटली पाहिजे, असं जाहीरपणे सुनावलं. ११ डिसेंबर २०१७ रोजी दोघांनी इटलीत लग्न केलं, आणि ते दोघांनी आपापल्या खात्यांवरून एकाच वेळी, त्याच शब्दांत जाहीर केलं.