हरकती नोंदवल्या, सुनावणी झाली, उत्तराचं काय?

शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या विकास आराखड्याचा मसुदा, म्हणजे प्रारूप विकास आराखडा, प्रसिद्ध झाला की पुढचा क्रम ठरलेला असतो. हरकती-सूचनांची मुदत जाहीर होते, अर्जांचे गठ्ठे जमा होतात, पोच मिळते, काही महिन्यांनी सुनावणीची नोटीस येते. अर्ज मान्य झाला की फेटाळला, आणि का, हे अर्जदाराला कळवण्याची पायरी या क्रमात नाही. ही उणीव कायद्यातच आहे.

मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यात म्हणणं ऐकलं जाई ते मुख्यतः योजनेत जमीन गेलेल्या मालकांचं. १९५४ च्या कायद्याने विकास आराखडा बंधनकारक केला. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्यात हरकतीची वाट कुणाही नागरिकाला खुली आहे. त्याच्या कलम २८ प्रमाणे स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ अशी नियोजन समिती सुनावणी घेते आणि अहवाल महापालिकेला देते. पुढे सर्वसाधारण सभा, मग राज्य सरकार. म्हणणं मांडण्याची वाजवी संधी द्या, असं कायदा म्हणतो. प्रत्येक अर्जदाराला सकारण लेखी उत्तर द्या, असं म्हणत नाही.

मुंबईचा पहिला आराखडा १९६७ मध्ये मंजूर झाला. १९८१ ते २००१ या काळासाठीचा दुसरा १९९१ ते १९९४ दरम्यान तुकड्यातुकड्याने मंजूर झाला, म्हणजे निम्मी मुदत संपल्यावर. खरी खळबळ उडाली ती तिसऱ्याच्या वेळी. २०१२ च्या अखेरीस विद्यमान भूवापराचे नकाशे लोकांपुढे आले आणि रहिवासी गटांनी आपापल्या वॉर्डाचा नकाशा हातात घेऊन गल्लोगल्ली पडताळणी केली. कुठे मैदान नोंदलेलं नव्हतं, कुठे शाळेच्या जागी भलताच वापर दाखवला होता. मागोमाग विषयवार आणि वॉर्डवार बैठका झाल्या. इतक्या तयारीनिशी आराखड्याआधी लोकांना विचारण्याचं उदाहरण राज्यात विरळाच.

आणि तरीही फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रारूप आराखडा चुकांनी भरलेला निघाला. उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते, वारसा वास्तू नकाशावर नीट आल्या नव्हत्या, गावठाणं आणि कोळीवाड्यांची दखल अपुरी होती. स्थानकांच्या परिसरात ८ पर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, ते प्रमाण) सुचवला होता आणि आरेची जमीन बांधकामाला खुली होईल या भीतीने लोक रस्त्यावर आले. ६० दिवसांच्या मुदतीत हरकतींचा आकडा हजारोंच्या घरात गेला.

मुदत संपायला काही दिवस उरले असताना, एप्रिल २०१५ मध्ये, राज्य सरकारने आराखडा दुरुस्त करून पुन्हा प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. त्या वेळी याचं स्वागत लोकशक्तीचा विजय म्हणून झालं. सदोष आराखडा मागे गेला हे चांगलंच झालं, यात दुमत नाही. पण या निर्णयाची दुसरी बाजू फारशी बोलली गेली नाही. ज्यांनी वेळ काढून, नकाशे मिळवून, नगर भूमापन क्रमांकासह अर्ज लिहिले होते, त्यांची कलम २८ खालची सुनावणी झालीच नाही. त्यातल्या कित्येक सूचना दुरुस्तीत उतरल्या, पण कुणाची कोणती आणि का, याचा हिशेब अर्जदाराला मिळाला नाही. फेरआराखड्याचं काम सुरू असताना महापालिकेने वॉर्डवार दुरुस्त्या लोकांसमोर ठेवून सूचना मागवल्या, ही चांगली सुरुवात होती. तिला कायद्याचा आधार मात्र नव्हता. मे २०१६ मध्ये सुधारित प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर नव्या हरकतींसाठी पुन्हा ६० दिवस, पुन्हा तेच गठ्ठे. या वेळी हरकतींची संख्या ८० हजारांच्या वर गेली. सारख्या मजकुराचे, फक्त नाव-सही वेगळी असलेले अर्ज त्यात बरेच होते आणि त्यांची सुनावणी एकगठ्ठा होते. यात प्रशासनाची अडचण खरी आहे. पण छापील अर्जावर सही करणाऱ्या झोपडीवासीयाचं गाऱ्हाणंही खरंच असतं.

मे २०१८ मध्ये मंजुरी आली तीही अखंड नाही. सरकारने भरीव फेरबदल सुचवलेले भाग वगळले गेले, 'ईपी' (एक्सक्लूडेड पोर्शन, वगळलेला भाग) म्हणून वेगळे प्रसिद्ध झाले आणि त्यांच्यासाठी हरकतींची आणखी एक फेरी झाली. सर्वसामान्य माणसाचा धीर सुटतो तो इथे. एकाच भूखंडाबद्दल तिसऱ्यांदा अर्ज कोण करणार?

पुण्यात गुंता वेगळा झाला. जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये ८० हजारांहून अधिक हरकती आल्या. सुनावणीनंतर नियोजन समितीतले लोकनियुक्त सदस्य आणि तज्ज्ञ यांचं एकमत झालं नाही, दोन वेगळे अहवाल आले. २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा स्वतःकडे घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजुरी दिली. ज्या समितीपुढे लोक बोलले, तिच्या हातून निर्णय निघून गेला. हेच पुणे २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवत आलं आहे. तिथेही सुचवलेलं काम का घेतलं नाही, हे कळायला क्षेत्रीय कार्यालयात खेटे घालावे लागतात.

मार्च २०२२ नंतर यात आणखी एक पेच आला. मुदत संपलेल्या महापालिकांवर प्रशासक बसले आणि सर्वसाधारण सभेचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे गेले. पिंपरी-चिंचवडचा सुधारित प्रारूप आराखडा मे २०२५ मध्ये याच व्यवस्थेत प्रसिद्ध झाला. आपल्या जागेवर सार्वजनिक कामासाठीचं आरक्षण का पडलं, हे विचारायला जाण्यासाठी त्या वेळी तिथल्या रहिवाशांना नगरसेवकच नव्हता.