नवा ब्राउझर येतो तेव्हा त्यात नवे काय असते?

सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने क्रोम हा ब्राउझर आणला, तेव्हा त्याची ओळख करून देण्यासाठी ३८ पानांची एक चित्रकथा प्रसिद्ध केली. स्कॉट मॅक्क्लाउड यांनी चितारलेल्या या कथेत क्रोम घडवणारे अभियंतेच पात्रे होते आणि ब्राउझर आतून कसा चालतो हे ते वाचकाला समजावून सांगत होते. नव्या ब्राउझरच्या प्रचारात इतके विज्ञान त्यानंतर क्वचितच दिसले आहे.

त्या कथेतला मुख्य मुद्दा आजही जाणून घेण्यासारखा आहे. तोवरच्या बहुतेक ब्राउझरांमध्ये सर्व टॅब एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम चालवत असलेल्या एकाच प्रोग्रॅमच्या रूपात, चालत असत, त्यामुळे एखाद्या पानावरचा प्रोग्रॅम अडकला की उघडलेली सगळी पाने त्याच्याबरोबर बंद पडत. क्रोमने टॅबसाठी वेगवेगळ्या प्रोसेस वापरल्या. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोसेसला स्वतःची स्वतंत्र मेमरी देत असल्यामुळे एका पानाचा बिघाड दुसऱ्या पानापर्यंत पोहोचत नाही; शिवाय पान दाखवणाऱ्या प्रोसेसचे अधिकार इतके मर्यादित ठेवले होते की, तिच्यात घातक प्रोग्रॅम शिरला तरी त्याला संगणकावरच्या फायलींना सहजासहजी हात लावता येऊ नये. या विभागणीची किंमत म्हणजे मेमरीचा वाढलेला वापर, आणि ती किंमतही त्या चित्रकथेने लपवली नव्हती.

मात्र पान रेखाटणारे इंजिन क्रोमने नव्याने लिहिले नव्हते. सर्व्हरकडून आपल्याकडे येतो तो मुख्यतः एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या भाषांत लिहिलेला मजकूर. इंजिन त्यातून घटकांची वृक्षासारखी रचना उभी करते, कोणत्या घटकाला कोणते नियम लागू होतात ते ठरवते, प्रत्येकाची जागा आणि मापे मोजते आणि मग पडद्यावर रंग भरते. हे काम अतिशय अवघड आहे, कारण लिखित मानकांबरोबरच (पाने कशी लिहावीत आणि दाखवावीत याच्या सर्वमान्य नियमांबरोबरच) गेल्या तीन दशकांत तयार झालेली असंख्य सदोष पानेही त्याला नीट दाखवावी लागतात. म्हणून क्रोमने ॲपलचे वेबकिट घेतले. ते वेबकिटही केडीई या मुक्त प्रकल्पाच्या केएचटीएमएल इंजिनातून निघाले होते. २०१३ मध्ये गूगलने वेबकिटपासून ब्लिंक ही स्वतंत्र शाखा काढली. त्याच वर्षी ऑपेराने आपले प्रेस्टो इंजिन सोडून देण्याचा निर्णय जाहीर केला, आणि जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझरही ब्लिंकवर आला. आज मोठ्या प्रमाणावर वापरात असलेली इंजिने तीनच उरली आहेत: ब्लिंक, वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको. त्यामुळे एखाद्या नव्या ब्राउझरची 'सर्वांत वेगवान' अशी जाहिरात होते, तेव्हा पाने रेखाटण्याचा त्याचा वेग बहुधा या तिघांपैकी एकाकडून आलेला असतो, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

प्रचाराची ताकद मी कमी लेखत नाही. फायरफॉक्सची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये आली आणि पुढच्याच महिन्यात सुमारे दहा हजार लोकांच्या देणग्यांतून न्यूयॉर्क टाइम्समध्ये तिची दोन पानी जाहिरात छापली गेली. इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजबरोबर आपोआप मिळत होता, अशा काळात लोकांना वेगळा ब्राउझर स्वतःहून उतरवून घ्यायला लावणे ही मोठीच गोष्ट होती. त्या प्रचारामागे वेगळे इंजिनही होते, आणि एकाच कंपनीच्या ब्राउझरपुरती लिहिली जाणारी पाने हळूहळू मानकांकडे वळली त्यात या स्पर्धेचा मोठा वाटा आहे.

पर्प्लेक्सिटी आणि ओपनएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांनी २०२५ मध्ये आणलेले अनुक्रमे कॉमेट आणि ॲटलस हे ब्राउझर क्रोमियमवर (क्रोमचा पाया असलेल्या मुक्त प्रकल्पावर), म्हणजेच ब्लिंकवर, आधारलेले आहेत. त्यांच्यातले नवेपण आहे ते पान वाचून आपल्या वतीने काम करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकात. हे नवेपण खरे आहे; पण पाने एकमेकांपासून अलग ठेवण्याच्या कल्पनेला ते थेट छेद देते. एका संकेतस्थळाला दुसऱ्याची माहिती मिळू नये म्हणून ब्राउझर पाने एकमेकांपासून अलग ठेवतो, तर सहायकाला उपयोगी पडायचे असेल तर त्याला अनेक पानांवर, तेही आपण लॉग-इन केलेल्या खात्यांसह, वावरावे लागते. या सहायकामागच्या भाषा-मॉडेलला, म्हणजे मजकूर वाचून उत्तर तयार करणाऱ्या प्रोग्रॅमला, वापरकर्त्याची सूचना आणि पानावरचा मजकूर यांतला फरक खात्रीने ओळखता येत नाही. म्हणून एखाद्या पानात दडवलेले वाक्य त्याला आदेश वाटू शकते, आणि तो आपल्याच अधिकारांनिशी आपली ई-मेल उघडून तिच्यातला मजकूर बाहेर पाठवू शकतो. असे हल्ले संशोधकांनी प्रत्यक्ष करून दाखवले आहेत आणि त्यांवर पक्का उपाय अजून सापडलेला नाही. ॲटलसमध्ये सहायकाला लॉग-इन नसलेल्या स्थितीत काम करू देण्याची सोय आहे. माझ्या मते अशा ब्राउझरच्या जाहिरातीत वेगाच्या दाव्याआधी या सोयीची आणि तिच्या कारणाची माहिती यायला हवी.