अंगणवाडीताईंचं ‘मानधन’: एका शब्दाची पार्श्वभूमी

लहान मुलांमध्ये राहून करायच्या कामांचा विषय निघाला की शिक्षिका, बालरोगतज्ज्ञ, समुपदेशक आधी आठवतात. गावातल्या सहा वर्षांखालच्या मुलांना घराबाहेर रोज भेटणारी व्यक्ती मात्र अंगणवाडीताई असते. तिच्या हातात पडतो तो पगार की मानधन, हा प्रश्न तिच्या प्रत्येक संपात पुन्हा वर येतो.

‘अंगणवाडी’ हे नाव सरकारी योजनेपेक्षा जुनं. १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम उभं राहिलं, तेव्हा दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येत नव्हती, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. हे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर हललं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांनाही अंगणवाडीच म्हटलं गेलं, आणि तिथे काम करणारी बाई ‘सेविका’ ठरली. मॅट्रिक झालेलीला महिना १५० रुपये, न झालेलीला १००.

गावातली बाई दिवसाचे काही तास सेवाभावाने देईल, असं तेव्हा गृहीत धरलं होतं. शासकीय भाषेत ती ‘मानसेवी’, म्हणजे पगारावर नाही तर मानधनावर काम करणारी. मानधन आपण व्याख्यात्याला देतो, स्पर्धेच्या परीक्षकाला देतो. तो येतो, काम करतो, जातो. ताईंची निवड मात्र शासन करतं, निवृत्तीचं वयही शासनच ठरवतं. पूरक आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरणाच्या दिवशी बाळांना गोळा करणं, गरोदर मातांकडे गृहभेटी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वशालेय शिक्षण, शिवाय रजिस्टरांची चळत. २०२१ पासून या नोंदी मोबाइलवर भरायचं पोषण ट्रॅकर ॲपही आलं. एवढ्या कामाला मानधन हा शब्द पुरत नाही, कधीच पुरत नव्हता.

न्यायालयांचं म्हणणंही बदलत गेलं. डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविकेचं पद शासकीय सेवेतलं नागरी पद नाही, म्हणजे ती सरकारी कर्मचारी नाही, असा निर्णय दिला. त्याच महिन्यात दुसऱ्या प्रकरणात अंगणवाड्या १४ लाखांपर्यंत वाढवण्याचा आदेशही निघाला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांचा अंगणवाडीतला आहार हा हक्क झाला. मुलाला हक्क मिळाला. तो रोज ताटात वाढणारी बाई मानसेवीच राहिली.

महाराष्ट्रात २०१७ च्या दीर्घ संपानंतर, मार्च २०१८ मध्ये सेविकांना ‘मेस्मा’, म्हणजे अत्यावश्यक सेवांमधला संप रोखणारा राज्याचा कायदा, लावला गेला. तीव्र विरोधानंतर त्याला स्थगिती मिळाली. संप केल्यास कारवाई व्हावी इतकं काम अत्यावश्यक असेल, तर ते ऐच्छिक कसं, याचं उत्तर मात्र कुणी दिलं नाही.

ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने सेविकेचं मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केलं, अंगणवाडीत तिच्या हाताखाली काम करणाऱ्या मदतनिसाचं १,५०० वरून २,२५०. राज्यं त्यात आपली भर घालतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस दोघींनाही ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा, कायदा लागू होतो असं सांगितलं, आणि त्या कायद्यापुरतं मानधन हे ‘वेतन’च मानलं. तरी डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका पुन्हा संपावर गेल्या, तेव्हा मानधनवाढ आणि निवृत्तिवेतनासोबत ग्रॅच्युइटीही त्यांना मागावीच लागली.