आठ अंकी परिपूर्ण संख्या: ३,३५,५०,३३६

६ ला १, २ आणि ३ ने नि:शेष भाग जातो आणि या तिघांची बेरीजही ६ च येते. २८ चंही तसंच: १ + २ + ४ + ७ + १४ = २८. स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकी भरते, ती परिपूर्ण संख्या. प्राचीन ग्रीकांना अशा चार ठाऊक होत्या: ६, २८, ४९६ आणि ८१२८. एक अंकी, दोन अंकी, तीन अंकी, चार अंकी. एककस्थानी आळीपाळीने ६ आणि ८. इ.स. १०० च्या सुमारास ग्रीक गणिती निकोमॅकसने यालाच नियम मानलं आणि पुढची कित्येक शतकं लोक त्यावर विसंबून राहिले.

पाचवी परिपूर्ण संख्या मात्र थेट आठ अंकी आहे. तेराव्या शतकातल्या गणिती इब्न फल्लूसच्या यादीत ती आढळते. सहावी ८,५८,९८,६९,०५६. म्हणजे दोन्हींच्या शेवटी ६ च, आळीपाळीही गेली.

एवढी मोठी उडी का? उत्तर युक्लिडच्या कृतीत आहे. १, २, ४, ८ अशा दुप्पट होत जाणाऱ्या संख्या मिळवत जायचं. बेरीज मूळ संख्या आली की तिला शेवटच्या संख्येने गुणायचं. १ + २ + ४ = ७, आणि ७ × ४ = २८. बेरीज मूळ यायची तर पदांची संख्याही मूळच लागते. २, ३, ५ आणि ७ पदं घेतली की ग्रीकांच्या चारही संख्या मिळतात. मग पाळी ११ ची. तिथे बेरीज येते २०४७, आणि ती निघते २३ × ८९. सगळं घोडं इथे अडतं. म्हणून १३ पदं घ्यायची: बेरीज ८१९१.

ही मूळ आहे का? एरवी ९० च्या आतल्या २४ मूळ संख्यांनी भागून पाहावं लागलं असतं. पण फर्माच्या प्रमेयावरून कळतं की ८१९१ च्या कोणत्याही मूळ विभाजकाला २६ ने भागलं की बाकी १ उरलीच पाहिजे. ९० च्या आत अशा दोनच: ५३ आणि ७९. भागून पाहा, बाकी २९ आणि ५४ उरते. दोन भागाकारांत निकाल! मला हा या संख्येचा सगळ्यात देखणा भाग वाटतो.

आता ८१९१ × ४०९६ = ३,३५,५०,३३६. स्वतःला वगळून तिचे विभाजक २५. त्यांतले १ पासून ४०९६ पर्यंतचे तेरा मिळून ८१९१ होतात. उरलेले बारा म्हणजे ८१९१ ची १, २, ४ पासून २०४८ पर्यंतची पट. त्यांची बेरीज ८१९१ × ४०९५. दोन्ही मिळवा, ८१९१ × ४०९६.

हीच संख्या त्रिकोणीही आहे: १ पासून ८१९१ पर्यंतच्या सगळ्या संख्यांची बेरीज. शिवाय १ पासून १२७ पर्यंतच्या ६४ विषम संख्यांच्या घनांची बेरीजही हीच. द्विमान पद्धतीत लिहिली तर आधी तेरा एक, मग बारा शून्यं.

देवळालीच्या द. रा. कापरेकरांनी ‘हर्षद’ हा संख्यांचा आणखी एक प्रकार दिला: स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणारी संख्या. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज २८, म्हणजे पुन्हा परिपूर्ण संख्याच! पण २८ ने भाग जायचा तर ७ ने जायला हवा. ४०९६ ला ७ ने भाग जात नाही, म्हणजे ८१९१ ला जायला हवा, आणि ७ × ११७० = ८१९०. एकाने हुकलं. पहिल्या पाच परिपूर्ण संख्यांत हर्षद ठरते ती फक्त ६.