पार्श्वभूमी : नाण्यावरचा खेळ घरात कसा आला

व्हिडिओ गेमचा इतिहास बहुतेक वेळा यंत्रांच्या ताकदीवरून सांगितला जातो. पार्लरमधली नाण्यावरची यंत्रे आधी सरस होती, मग घरातली त्यांच्या बरोबरीला आली आणि पार्लरे ओस पडली, असा त्याचा सारांश असतो. हे चुकीचे नाही, पण मला ते अपुरे वाटते. पार्लरमध्ये दर दोन-तीन मिनिटांनी नाणे पडायला हवे असे, घरात मात्र एकदा पैसे मोजले की गेम आपला. तो किती अवघड करायचा, कुठे संपवायचा, हे सगळे या व्यवहारावरून ठरत गेले. पार्लरमध्ये पाठीमागे चार अनोळखी पोरे उभी राहून बघत, घरात फार तर धाकटा भाऊ असे. हा फरकही लहान नाही.

दोन्ही धारा जवळजवळ एकाच वेळी सुरू झाल्या. १९७२च्या सप्टेंबरमध्ये मॅग्नाव्हॉक्स कंपनीने अमेरिकेत 'ओडिसी' हे टीव्हीला जोडायचे यंत्र विकायला काढले. राल्फ बेअर या अभियंत्याच्या कल्पनेतून ते जन्मले होते. त्याला आवाज नव्हता आणि गुणही दिसत नसत. मैदानाची रेघ दिसावी म्हणून टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद चिकटवावा लागे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावी अँडी कॅप्स टॅव्हर्न नावाच्या दारूच्या गुत्त्यात अटारी या नव्या कंपनीने 'पाँग'चे पहिले यंत्र ठेवले. काही दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. यंत्र बनवणारा ॲलन अल्कॉर्न बघायला गेला, तर आतला गल्ला नाण्यांनी इतका भरला होता की पुढचे नाणे जातच नव्हते.

अटारीचा संस्थापक नोलन बुशनेल याने 'पाँग'च्या आधी ओडिसीचे प्रात्यक्षिक पाहिले होते. मॅग्नाव्हॉक्सने पेटंटवरून दावा लावला आणि १९७६ साली अटारीने परवाना घेऊन तो मिटवला. म्हणजे नाण्यावरच्या पहिल्या मोठ्या गेमची कल्पना घरच्या यंत्रावरून आली होती. 'आधी पार्लर, मग घर' हा क्रम आपण गृहीत धरतो, पण सुरुवात तशी झालेली नाही.

नाण्याचे गणित खऱ्या अर्थाने जमले ते जपानमध्ये. १९७८ साली तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो याने 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवला. पडद्यावर ५५ शत्रू रांगेने सरकत खाली येतात आणि जितके मारावेत तितके उरलेले वेगाने धावू लागतात. हा वेग मुळात यंत्राच्या मर्यादेतून आला होता. प्रोसेसरला एका वेळी एकच शत्रू हलवता येई, त्यामुळे शत्रू कमी झाले की प्रत्येकाची पाळी लवकर येई. निशिकादोने ते तसेच राहू दिले. खेळणारा जितका तरबेज, तितका खेळ कठीण, आणि शेवट कुठेच नाही. खेळणाऱ्याने कधीतरी हरलेच पाहिजे, ही पार्लरची मूळ अट त्यात आपसूक बसली.

मालकाच्या हाती आणखीही एक गोष्ट होती. बऱ्याच यंत्रांच्या आतल्या सर्किट बोर्डावर डिप स्विच नावाची छोट्या खटक्यांची पट्टी असे. मागचे दार उघडून खटके वर-खाली केले की एका नाण्यात किती लाइफ, जादा लाइफ किती गुणांना, शत्रू किती चिवट, हे बदलता येई. तोच गेम एका दुकानात सोपा आणि पलीकडच्या गल्लीत अवघड लागतो, असे मुले म्हणत ते खरेच असू शके. रिकाम्या यंत्रावर आपोआप चालणारा नमुना, हरल्यावर दहापासून उलटी गिनती आणि 'कंटिन्यू'चा प्रश्न, पहिल्या दहांत आलात तर नावाची तीन अक्षरे लिहायची मुभा, हे सारे पुढचे नाणे पडावे म्हणूनच घडवलेले होते. याचे टोक गाठले अटारी गेम्सच्या १९८५ सालच्या 'गाँटलेट'ने. चार जण एकत्र खेळत आणि प्रत्येकाची ताकद काही न करताही सेकंदासेकंदाला घटत जाई. नाणे टाकले की ती वाढे. उभे राहायचेही पैसे.

अशा बेतलेल्या गेमला घरात आणणे सोपे नव्हते. १९८० साली 'स्पेस इन्व्हेडर्स' अटारीच्या घरगुती यंत्रावर आला, तेव्हा त्या एका कॅसेटसाठी लोकांनी यंत्रे विकत घेतली. दोन वर्षांनी 'पॅक-मॅन'ची पाळी आली. त्या यंत्रात फक्त १२८ बाइट मेमरी होती, कॅसेट चार किलोबाइटची, आणि हलत्या मोठ्या आकृत्या एका वेळी दोनच दाखवता येत. टॉड फ्राय या प्रोग्रॅमरला चार भुते आणि एक पॅक-मॅन दाखवायचा होता. त्याने भुते आळीपाळीने, पडद्यावरच्या एका चित्रात एक अशी काढली, त्यामुळे ती सतत लुकलुकत. पार्लरचा पडदा उभा होता, टीव्ही आडवा, म्हणून चक्रव्यूहही बदलला. सत्तर लाखांहून अधिक कॅसेटी खपल्या, तरी लोक हिरमुसले. फ्रायला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. त्या यंत्रात तो गेम मावणेच अवघड होते.

१९८३ साली अमेरिकेतला घरगुती गेमचा बाजार कोसळला. त्याच वर्षी जुलैत निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉम हे घरगुती गेम यंत्र आणले. तिथून घरचा खेळ स्वतःच्या वाटेने गेला. १९८६च्या 'द लेजंड ऑफ झेल्डा'मध्ये खेळ जिथे थांबवला तिथून दुसऱ्या दिवशी पुढे नेता येऊ लागला. नाण्यावरच्या व्यवहारात ही सोय बसणारीच नव्हती. कोणता दुकानदार एका नाण्याचा खेळ आठवडाभर राखून ठेवणार? घरी पैसे आधीच मोजलेले, म्हणून गेम लांब, दमाने खेळायचा, गुपिते शोधायचा झाला. 'किती तास पुरतो' हा प्रश्न गेम घेताना विचारला जाऊ लागला.

पार्लरची बदनामीही घराच्या पथ्यावर पडली. फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी १९८१ साली व्हिडिओ गेमवर बंदीच घातली. टेक्सासमधल्या मेस्किट शहराने १७ वर्षांखालच्या मुलांना पालकांशिवाय नाण्याची यंत्रे खेळायला मनाई केली आणि तो वाद १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. आपल्याकडेही एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेम पार्लरांना परवान्याचे बंधन घालण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. जुगाराची यंत्रे आणि कौशल्याचे गेम एकाच छपराखाली असत, हे त्यामागचे कारण होते. मराठी घरांत तर पार्लर म्हणजे शाळा बुडवणाऱ्यांचा अड्डा. तोच गेम पोराने घरी खेळला की आई फार तर 'डोळे बिघडतील' म्हणे.

महाराष्ट्रातला क्रम मात्र निराळा आहे. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत पार्लरे होती. स्थानिक सुताराने केलेली प्लायवूडची कपाटे, आत बाहेरून आलेले बोर्ड, त्यांतले कितीतरी नकली. काउंटरवर रुपया देऊन टोकन घ्यायचे. कॅपकॉमचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' इथे त्या नावाने कुणी ओळखलाच नाही. त्यातल्या पिवळ्या टोपीच्या मुस्तफावरून तो सगळ्यांसाठी 'मुस्तफा'च. कोणत्या स्टेजला पिंपात काय दडले आहे, बॉस म्हणजे स्टेजच्या शेवटचा मोठा शत्रू कुठून उडी मारतो, हे ज्ञान मागे उभे राहून मिळे. ज्याच्याकडे टोकनला पैसे नसत तोही तासभर बघत शिके, आणि खेळणाऱ्याची लाइफ संपत आली की 'मी काढून देतो' म्हणत हात पुढे करी.

त्याच वेळी घरात आलेला 'टीव्ही गेम' होता फॅमिकॉमची नक्कल. निरनिराळ्या नावांचे डबे मिळत. फॅमिकॉमच्या चिपा एकाच स्वस्त चिपेत कोंबल्यामुळे ते परवडत. कॅसेटवर '९९९९ इन १' छापलेले, आत मोजून काही गेम, बाकी तेच पुन्हा वेगळ्या स्टेजपासून सुरू होणारे. 'मारिओ', 'काँट्रा', बंदुकीने टीव्हीवरची बदके टिपणे, यांत उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या. म्हणजे पार्लरमध्ये १९९३चे तंत्र आणि घरात १९८३चे. जपान-अमेरिकेत ही दरी याच काळात बुजत होती. डिसेंबर १९९४ मध्ये सोनीचे प्लेस्टेशन आले, आणि नामकोचा 'टेकन' पार्लरमध्ये ज्या बोर्डावर चालत होता तो प्लेस्टेशनच्याच भागांवर बेतलेला होता. तिथे पार्लरला जाण्याचे एक मोठे कारण संपले. इथे दरी दहा वर्षांची राहिली, म्हणून आपली पार्लरे नवे शतक उजाडल्यावरही तग धरून होती असे मला वाटते.

त्या पार्लरांना जिवंत ठेवणारा गेम जपानने १९९१ साली दिला होता. 'स्ट्रीट फायटर टू'मध्ये समोर माणूस असतो. जिंकणारा उभा राहतो, हरणारा उठतो आणि पुढचा नाणे टाकतो. दर लढतीला कुणीतरी पैसे भरतोच, मग यंत्राने मुद्दाम अवघड असण्याचे कारण उरत नाही. आपल्याकडे 'किंग ऑफ फायटर्स ९७' याच चालीवर वर्षानुवर्षे चालला. घरी तेच गेम आले, पण घरचा प्रतिस्पर्धी ठरलेला. गल्लीपलीकडचा, कधी न पाहिलेला, अचानक येऊन सगळ्यांना हरवून जाणारा मुलगा घरात येत नाही.

मधला एक टप्पा लवकर विसरला गेला. दोन हजारच्या आसपास बऱ्याच दुकानदारांनी जुनी कपाटे काढून रंगीत टीव्ही आणि प्लेस्टेशन मांडले. भाड्याच्या सायकलीसारखा गेम तासावर मिळू लागला. यंत्र घरचे, जागा दुकानाची. हरलात तरी वेळ संपेपर्यंत खेळता येई आणि मेमरी कार्डावर खेळ राखूनही ठेवता येई. लाइफचा हिशेब गेला, घड्याळाचा आला.

पुढे बाहेरच्या खेळाकडे घरात न मावणाऱ्या गोष्टीच उरल्या. बसायची मोटारसायकल असलेला सेगाचा 'हँग-ऑन' १९८५ चा, पायाखालच्या फरशीवर नाचायचा कोनामीचा 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' १९९८ चा. मॉलमधल्या गेम झोनमध्ये आज अशीच यंत्रे दिसतात, नाण्याऐवजी कार्ड घासून चालणारी. जपानमध्येही सेगाने २०२० साली आपल्या गेम सेंटरांच्या व्यवसायातला मोठा हिस्सा विकला.

नाणे मात्र संपले नाही, ते खिशात आले. २०१२ साली आलेल्या 'कँडी क्रश सागा'त पाच लाइफ मिळतात. त्या संपल्या की एक परत यायला अर्धा तास थांबायचे, नाहीतर पैसे मोजायचे. १९८५च्या 'गाँटलेट'चा हाच व्यवहार होता. पण पार्लरमध्ये पोराच्या मुठीतली टोकने संपली की खेळ संपे, आणि किती उडाली हे मागे उभे असलेल्या सगळ्यांना दिसे. फोनवर पैसे खात्यातून जातात आणि बघणारे कुणी नसते.