बाबांचा प्रश्न, ग्रोथ हार्मोनबद्दल

नागपूरच्या अंबाझरी तलावावर बाबांचा सकाळी फिरणाऱ्यांचा ग्रुप आहे, तिथं कोणीतरी व्हॉट्सअपवर 'तरुण करणाऱ्या' इंजेक्शनचा व्हिडिओ टाकला आणि परवा बाबा घरी येऊन विचारतात, "काहून रे, वय झालं की ग्रोथ हार्मोन आटते म्हणतात, मग बाहेरून घेतलं तर काय होते?" प्रश्न एकदम बरोबर आहे, म्हणून नीट लिहूनच काढतो.

मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते, हे हार्मोन तिथून निघतं, पण सतत नाही, थोड्याथोड्या वेळानं एकदम उसळून येतं आणि मधल्या वेळात रक्तात जवळपास सापडतच नाही. म्हणून कधीही जाऊन रक्त दिलं आणि रिपोर्टवर एक आकडा आला तर त्यावरून काही कळत नाही. सगळ्यात मोठी उसळी येते ती रात्री झोप लागल्यावर पहिल्या गाढ झोपेत.

तरुणपणानंतर दर दहा वर्षांनी हे हार्मोन साधारण १४ टक्क्यांनी कमी होत जातं. आता गंमत बघा, उसळ्या येणं काही बंद होत नाही, त्यांची उंची घटते, आणि ग्रंथी रिकामी झाली असंही नसतं, वरून मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग 'सोड' म्हणतो तो आवाज बारीक होतो आणि 'थांब' म्हणणारं दुसरं हार्मोन, सोमॅटोस्टॅटिन, जोर धरतं. बाहेरून योग्य इशारा दिला तर म्हाताऱ्या माणसाची पिट्यूटरीही बऱ्यापैकी हार्मोन सोडते. पोटावरची चरबी वाढली की वयाचा हिशेब न करताही उसळ्या दबतात, हे वेगळंच.

मला सगळ्यात जास्त लागलं ते झोपेचं. २००० साली शिकागोच्या इव्ह व्हॅन कॉटर यांच्या टीमनं १४९ पुरुषांच्या झोपेचा अभ्यास छापला, १६ ते २५ वयात रात्रीच्या झोपेत जवळपास १९ टक्के गाढ झोप होती आणि ३६ ते ५० मध्ये ती साडेतीन टक्क्यांच्याही खाली आली, हार्मोनही तिच्यासोबतच पडलं. म्हणजे बाबा सत्तरीत विचारून राहिले पण मोठी घसरण माझ्या वयातच होऊन जाते, केस पांढरे व्हायच्या आधी.

आता इंजेक्शन. १९९० साली अमेरिकेतले डॉक्टर डॅनियल रडमन यांनी साठीच्या वरच्या १२ पुरुषांना ६ महिने हे हार्मोन दिलं, चरबी १४ टक्क्यांच्या आसपास घटली, चरबी सोडून बाकी वजन जवळपास ९ टक्के वाढलं, आणि तेव्हापासून जगभर याचा बाजार मांडला गेला. पुढच्या अभ्यासांत स्नायू वाढलेले दिसले पण ताकद काही त्या मानानं वाढली नाही, उलट पाय सुजणं, सांधे दुखणं, हाताला मुंग्या आणि रक्तातली साखर वाढणं हे सगळं मागे लागलं. तिकडे इक्वाडोरमध्ये काही कुटुंबांत जन्मापासूनच शरीराला हे हार्मोन ओळखता येत नाही, त्यांची उंची फार कमी राहते, पण त्यांच्यात डायबिटीस आणि कॅन्सर अगदी क्वचित सापडतो. शरीर वयानुसार हे कमी करतं त्यात कदाचित काही बचावही असेल, असं मला तरी वाटतं.

बाबांची शुगरची गोळी आधीच चालू आहे त्यामुळे मी त्यांना सरळ नाही म्हटलं, आणि उद्या अंबाझरीला हे ग्रुपमध्ये वाचून दाखवा म्हणालो, कारण त्यांच्यातल्या एका काकाजींनी त्या व्हिडिओखालचा नंबर सेव्ह करून ठेवला आहे.