'मी राहते ते घर' आणि गळालेला 'इन'

इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारी राहणारी मुलगी यंदा दहावीला आहे. परवा संध्याकाळी ती इंग्रजीची वही घेऊन आली. घरावरचा निबंध होता आणि पहिल्याच वाक्याखाली लाल रेघ होती: 'धिस इज द हाऊस आय लिव्ह.' शेजारी फक्त 'चूक' असं लिहिलेलं. काय चूक, ते नाही.

"काकू, मी राहते ते घर. हेच तर लिहिलंय ना?"

"तू घर राहतेस की घरात राहतेस?"

"घरात."

"मग तो 'त' कुठे गेला?"

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "पण तो मराठीतही नाहीये की!"

इतकी वर्षं इंग्रजी शिकवतेय, पण हे इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. 'मी घर राहते' असं मराठीत कुणीच म्हणणार नाही. पण 'मी राहते ते घर' म्हटलं की 'त' गळून पडतो आणि कुणाच्या कानाला ते खटकत नाही. आई कणीक मळते ती परात. आजोबा बसतात ती खुर्ची. मी भाजी चिरते ती सुरी. परातीत, खुर्चीवर, सुरीने: त, वर, ने हे तिन्ही गेले आणि तरी अर्थाला धक्का लागला नाही. ऐकणाऱ्याला परात, खुर्ची, सुरी कशाला वापरतात ते ठाऊक असतं, म्हणून तो मनातल्या मनात जागा भरून घेतो.

अर्थात या मौनाला मर्यादा आहे. 'मी भांडले ती मुलगी' म्हटलं तर मी तिच्याशी भांडले असंच ऐकू येतं. तिच्यासाठी भांडले असेन, तर 'जिच्यासाठी मी भांडले ती मुलगी' असं उघड सांगावं लागतं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. 'जिच्या' वाक्याच्या सुरुवातीला आली, तर 'साठी'ही तिला चिकटून आली. मराठीत या दोघींची ताटातूट कधीच होत नाही.

इंग्रजीत ही गाळण्याची सोय नाही, पण दोन रस्ते आहेत. 'आय लिव्ह इन द हाऊस' हे साधं वाक्य घ्या. त्यातलं घर उचलून पुढे आणलं की आत एक रिकामी जागा उरते. तिथला 'इन' एक तर आहे तिथेच राहतो: 'द हाऊस आय लिव्ह इन'. नाही तर तो 'विच'बरोबर पोटवाक्याच्या दारात येतो: 'द हाऊस इन विच आय लिव्ह'. दोन्ही शुद्ध आहेत. फक्त तो कुठे तरी असायलाच हवा.

दुसऱ्या रस्त्याला भाषाशास्त्रात फार सुंदर नाव आहे. १९६७ साली भाषाशास्त्रज्ञ जॉन रॉस यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात त्याला 'पाइड-पायपिंग' म्हटलं. हे नाव त्यांना रॉबिन लेकॉफ यांनी सुचवलं होतं. गोष्टीतल्या हॅमेलिनच्या पुंगीवाल्यामागे, म्हणजे 'पाइड पायपर'मागे, आधी उंदीर आणि मग गावातली मुलं निघाली, तसे 'विच' हलला की त्याला जोडलेले शब्दही त्याच्याबरोबर निघतात. कधी एकच 'इन', कधी पूर्ण वरात. इथल्या कृष्णपुऱ्याच्या छत्रीबद्दल, म्हणजे होळकरांच्या स्मारकाबद्दल, लिहिताना 'द छत्री ऑन द स्टेप्स ऑफ विच वी सॅट' असंही लिहिता येतं. मराठीतही तेच घडतं: 'जिच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो'. पायऱ्या आणि 'वर' दोन्ही 'जिच्या'मागे आल्या.

मग वाक्याच्या शेवटी 'इन'सारखा शब्द ठेवू नये असं शाळेत का सांगतात? या नियमाचा उगम बराच मागे जातो. १६७२ मध्ये कवी जॉन ड्रायडन यांनी नाटककार बेन जॉन्सनच्या एका ओळीला याच कारणासाठी दोष दिला. आपल्याही लेखनात हा दोष आहे हे त्यांनी मान्य केलं आणि १६६८ चा आपला निबंध १६८४ मध्ये पुन्हा छापताना तसली वाक्यं बदलली. १७६२ मध्ये रॉबर्ट लोथ यांनी आपल्या व्याकरणात जास्त समजुतीने लिहिलं: बोलण्यात ही रचना सर्रास चालते, पण गंभीर लेखनात शब्द आधी आलेला शोभतो. गंमत अशी की आपल्या भाषेचा या रचनेकडे ओढा आहे हे सांगणारं त्यांचं वाक्यही 'टू'नेच संपतं. १९२६ मध्ये कोशकार फाउलर यांनी तर या बंदीला चक्क अंधश्रद्धा ठरवलं. खरं तर जुन्या इंग्रजीतही, हजार वर्षांपूर्वी, विशिष्ट पोटवाक्यांत हा शब्द मागे राहत असे. मी मुलांना एवढंच सांगते की बोलताना 'आय लिव्ह इन', अर्जात 'इन विच', आणि दोन्हीकडे एकदम नको. 'द हाऊस इन विच आय लिव्ह इन' ही चूक मला दर आठवड्याला भेटते. 'इन दॅट आय लिव्ह'ही चालत नाही, कारण 'दॅट' अशा शब्दाला आपल्यापुढे उभं राहू देत नाही.

आणि लाल रेघेपूर्वी एक गोष्ट शिक्षकांनी जरूर जाणून घ्यावी. 'आय लिव्ह इन द हाऊस' बिनचूक लिहिणारी मुलंच 'द हाऊस आय लिव्ह' लिहितात. म्हणजे 'लिव्ह'ला 'इन' लागतो हे त्यांना येत असतं. एलेन क्लाइन या संशोधक बाईंनी याला 'नल-प्रेप', म्हणजे 'इन'सारखा शब्द गळणं, असं नाव देऊन अभ्यास केला. वेगवेगळ्या मातृभाषांचे लोक इंग्रजी शिकताना हेच करतात. म्हणून त्या मुलीच्या वाक्याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. 'लिहायला पेन नाही'चं 'आय हॅव नो पेन टू राइट' होतं, 'विथ' राहून जातो, तेही असंच.

तिला मी समजावलं ते आमच्या इंदुरी मराठीच्या आधाराने. हिंदीच्या शेजारामुळे आमच्याकडे 'ते घर ज्यात मी राहते' असं सहज बोललं जातं. पुण्याचे पाहुणे त्यावर नाक मुरडतात. मला मात्र ही रचना इंग्रजी शिकवताना फार उपयोगी पडते. वहीत एकाखाली एक लिहिलं:

ते घर – ज्यात – मी राहते
द हाऊस – इन विच – आय लिव्ह

घराखाली घर, राहण्याखाली राहणं. फक्त मधला तुकडा उलटा. आपल्याकडे आधी 'ज्या', मग 'त'. त्यांच्याकडे आधी 'इन', मग 'विच'. हा उलटेपणा योगायोगाचा नाही. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्ये ३० भाषा ताडून दाखवलं की ज्या भाषांत क्रियापद शेवटी येतं, त्यांत असे शब्द बहुतेक वेळा नामाच्या मागे लागतात. 'मी पोहे खाते' म्हणणारी भाषा 'घरात' म्हणणार, 'आय ईट पोहा' म्हणणारी 'इन द हाऊस'.

असे जोड पोटवाक्याच्या दारात बसून बसून कधी एकजीवही होतात. 'बिकॉज' हा मुळात 'बाय कॉज', म्हणजे 'कारणाने'. आज त्यात दोन शब्द आहेत हे कुणाला जाणवतही नाही. आपलं 'कारण' तर नाम असूनच तेच काम करतं.

तिने ओळीला ओळ लावून सहा वाक्यं केली, सगळी बरोबर. मग दप्तरातून शाळेचं बोनाफाइड सर्टिफिकेट काढलं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न'.

"काकू, इथेही 'टू' पुंगीवाल्यामागे आलाय का?"

"बघ की. वाक्य सरळ कर."

तिने लिहिलं, 'इट मे कन्सर्न टू हिम'. पेन्सिलीचं टोक 'टू'वर थांबलं. 'कन्सर्न'ला इथे 'टू' लागत नाही. 'इट मे कन्सर्न हिम' एवढंच वाक्य पुरं होतं. म्हणजे आत रिकामी जागा आहे ती फक्त माणसाची, 'टू'ची नाही. तिने खोडलं, पुन्हा वाचलं.

"हा आतून आलेलाच नाही. 'संबंधितांस' लिहितो ना, त्यातला तो 'स' आहे."

आणि सर्टिफिकेटवरच्या 'टू'भोवती पेन्सिलीने हलकासा गोल करून, पुढच्या चार शब्दांना तिने वेगळा कंस घातला.